संगमाकडच्या पायवाटा पुन्हा चालत्या करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरहून विजयपूर रस्त्याने निघालो की वडकबाळला सीना लागते, मग मंद्रूप, आणि पुढे टाकळीला भीमा. या दोन नद्यांमधला पट्टा अरुंद होत होत हत्तरसंग-कुडलला संपतो. सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्या लागतात. लोक संगमेश्वराचे दर्शन घेतात, हरिहरेश्वरातले ३५९ मुखांचे शिवलिंग पाहतात, शके ९४० चा म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख शोधतात आणि अर्ध्या-पाऊण तासात गाडीत बसतात. काठाने दोन तास चालावे, शिवारातून वळसा घालून परत यावे, असे मनात आले तरी कुठून जायचे हे सांगणारा एक दगड नसतो. वाटा मात्र आहेत. गावनकाशावर त्या आजही काढलेल्या आहेत, फक्त रानात बुजल्या आहेत. त्या पुन्हा चालत्या करण्याचे काम कुडलनेच नव्हे, भीमा-सीनाकाठच्या प्रत्येक गावाने हाती घ्यावे. ते कसे करावे आणि कुठे फसते, हे या पत्रात मांडतो.

सुरुवात नकाशापासून करावी, मोबाइलपासून नव्हे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल मिळते. जुने गावनकाशे बहुधा आठ इंचाला एक मैल या मापाचे असतात, म्हणजे नकाशावरचा एक इंच रानात ६६० फूट. त्यावर एकेरी तुटक रेघ दिसली तर तो पायमार्ग, दुहेरी तुटक रेघ दिसली तर गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट आणि गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागे मोजणीची साखळी आहे. आपल्याकडची जुनी साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा. चार आणे म्हणजे सव्वाआठ फूट, आठ आणे म्हणजे साडेसोळा. एवढे कळले की बांधावर टेप धरून उभ्या असलेल्या दोघांतला निम्मा वाद मिटतो. मात्र नकाशावरची रेघ मोजून रुंदी काढायला कोणी जाऊ नये. त्या मापावर एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ आठ मीटर, त्यामुळे सव्वाआठ फुटांची वाट पेन्सिलीच्या टोकापेक्षाही बारीक ठरते. रेघ फक्त वाट कुठून कुठे जाते ते सांगते.

पहिली फसगत इथेच होते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार ज्या गावांत एकत्रीकरण झाले तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. नव्या गटनकाशात जुन्या सगळ्या तुटक रेघा उतरल्या आहेतच असे नाही. संगणकावर गटाची हद्द पाहून ‘इथे वाटच नाही’ असा निकाल देणे म्हणून चुकीचे आहे. जुना सर्व्हे नंबरचा नकाशा आणि गटनकाशा दोन्ही काढावेत, ओढा, गावठाण आणि शिवेचे दगड एकमेकांवर जुळतील अशा रीतीने शेजारी ठेवावेत आणि जुनी रेघ नव्या गटांवर हाताने उतरवून घ्यावी. हे काम एका बैठकीत होते. त्यानंतर तलाठी, पोलीस पाटील आणि गावातली दोन म्हातारी माणसे सोबत घेऊन रानात जावे. म्हाताऱ्यांना नकाशा दाखवून उपयोग नाही. ‘बाजाराला पायी कुठून जायचा? दिंडी कुठल्या बांधाने निघायची? नदीला धुणं कुठून न्यायचे?’ असे विचारले की पाय आपोआप वाटेला लागतात.

वाटा बुजल्या त्याचे मुख्य कारण ऊस आहे, पण त्यात कोणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. जिरायत ज्वारी होती तेव्हा बांध रुंद होते, कारण बांधावरच्या गवताला किंमत होती आणि बैलाच्या नांगराला वळायला जागा लागायची. ट्रॅक्टरचा पलटी नांगर बांधाच्या अगदी कडेने जातो, दर नांगरटीला वीतभर माती खाली ओढतो आणि पाच-सहा वर्षांत चार आण्यांच्या वाटेचा दीड फुटाचा वरंबा होतो. मग त्यावरून ठिबकची मुख्य नळी जाते, पाइपलाइनचा चर निघतो, आणि शेवटी तारेचे कुंपण येते. तारेबद्दल स्पष्ट लिहायला हवे. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका यंत्राचा प्रवाह ठोके देत येतो, दणका बसतो, पण ते यंत्र त्याच कामासाठी बनवलेले असते. काही ठिकाणी मात्र सरळ खांबावरचा प्रवाह तारेत सोडलेला असतो आणि तो जीव घेतो. बाहेरून दोन्ही तारा सारख्याच दिसतात. म्हणून चालणाऱ्याने कोणत्याही तारेला हात लावू नये, काठीने दाबून तार ओलांडू नये. वाट तारेने अडली असेल तर माघारी फिरावे आणि जागा टिपून ठेवावी.

आता वाटांची आखणी. नदीकाठच्या गावाला तीन फेऱ्या पुरतात: काठाची चार-साडेचार किलोमीटरची, शिवाराची आठ-नऊ आणि माळाची बारा-चौदा किलोमीटरची. तिन्ही गावठाणातून सुटाव्यात आणि गावठाणात परत याव्यात, म्हणजे गाडी एका जागी राहते आणि चहा, पाणी, भाकरी गावातच घेतली जाते. वेळ किलोमीटरवर ठरवू नये, जमिनीवर ठरवावी. मुरमाड माळावर किलोमीटरला पंधरा मिनिटे धरा, काळ्या रानाच्या बांधावर वीस आणि काठाच्या मळईत, म्हणजे गाळाच्या जमिनीत, पंचवीस. लहान मुले असतील तर त्यात निम्मा वेळ आणखी मिळवा.

काठाची फेरी सर्वांत देखणी आणि सर्वांत फसवी. तिच्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट पाणी. भीमेचे पाणी आभाळ पाहून ओळखता येत नाही. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनी धरणातून आवर्तन, म्हणजे ठरवून सोडलेले पाणी, सुटते, ते नदीपात्रातूनच टाकळी-औज पट्ट्यापर्यंत येते आणि इथे पोचायला आठ-दहा दिवस घेते. भर उन्हाळ्यात, ढगाचा तुकडा नसताना, काल पायी ओलांडलेल्या पात्रात आज कमरेइतके पाणी असू शकते. त्यात वाळू उपशाचे खड्डे पात्रात तसेच उरलेले असतात. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचे पाऊल दहा फुटांच्या डोहात पडते, आणि गढूळ पाण्यात तो खड्डा दिसत नाही. म्हणून आखलेली कोणतीही वाट पात्रातून नेऊ नये. पात्र कोरडे असले तरी नेऊ नये. आवर्तन सुटल्याची बातमी वर्तमानपत्रात येतेच, तिची तारीख गावच्या फलकावर खडूने लिहिली तरी पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट बंधारा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पलीकडच्या गावाला जाणे ही इथली रोजची वहिवाट आहे. पावसाळा सरता ऑक्टोबरात खाचांत दारे बसतात, पावसाळ्याआधी निघतात. दारे बसलेली असताना वरच्या अंगाला पाणी तुंबलेले आणि खालच्या अंगाला दारांच्या फटींतून फवारे, त्यामुळे स्लॅबची खालची कड कायम ओली राहून शेवाळते. चालताना तुंबलेल्या पाण्याची बाजूही नको आणि शेवाळलेली कडही नको, मधोमध चालावे. समोरून मोटारसायकल आली तर खांबाच्या रुंद डोक्यावर थांबून तिला जाऊ द्यावे, कारण बऱ्याच बंधाऱ्यांना कठडा नसतो. स्लॅबवरून पाणी वाहत असेल तर घोट्याइतके असले तरी पाय घालू नये. पुरानंतर बंधारा जागेवर दिसतो, पण त्याच्या दोन्ही टोकांचा मातीचा भराव वाहून गेलेला असतो किंवा वरून शाबूत आणि आतून पोकळ झालेला असतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला त्याने काठाची ओळखच बदलली. अशा पुरानंतर भरावावर भेग दिसली, किंवा काठी आपटल्यावर पोकळ आवाज आला, तर ती वाट त्या हंगामापुरती बंद ठेवावी.

तिसरी गोष्ट गाळ. पूर ओसरल्यावर किंवा आवर्तन उतरल्यावर काठावर गाळाचा थर राहतो. आठवडाभराच्या उन्हाने तो वरून वाळतो, त्याला षटकोनी भेगा पडतात, कडा पापडासारख्या वर वळतात आणि जमीन घट्ट झाल्यासारखी वाटते. खाली मात्र लोणी असते. काठी उभी धरून नुसत्या हाताच्या जोराने दाबावी. बोटभर गेली तर चालेल, वीतभर गेली तर वळसा घ्यावा. अडकलाच कोणी तर पाय सरळ वर ओढू नये. अंगावरचा भार मागे टाकून, टाच सैल करत, आल्या वाटेने बाहेर यावे.

काळ्या रानाचा स्वभाव इथल्यांना सांगायला नको, पण बाहेरून येणाऱ्याला सांगावा लागतो. चांगली सर पडली की बुटाच्या तळाला माती चिकटते, तिच्यावर पुन्हा माती बसते, आणि शंभर पावलांत एकेका पायाला किलोभर ओझे होते. पाय घसरतो तो वेगळाच. पाऊस उघडल्यावर दोन दिवस कडक ऊन मिळाल्याशिवाय शिवाराच्या फेरीला जाऊ नये. त्याच दिवशी माळाची फेरी मात्र खुशाल करावी, मुरमात पाणी थांबत नाही. उन्हाळ्यात याच रानाला पाऊल आत जाईल एवढ्या भेगा पडतात. तेव्हा भेगांच्या आडव्या दिशेने बेताने चालावे आणि नजर पायाखालीच ठेवावी.

चालायचा उत्तम काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. डिसेंबर-जानेवारीत शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, डोक्याच्या वर जातो, कणीस भरते, हुरड्याचे दिवस येतात. पण त्या उंचीमुळेच वाट हरवते, कारण दोन फडांच्या मध्ये उभे राहिले की देवळाचे शिखरही दिसत नाही. याच दिवसांत ऊसतोड जोरात असते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अरुंद पाणंदीत समोर आला तर बाजूच्या उसात शिरू नये, बांधावर चढावे. मागची ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला घासत येते. मार्च ते मेमध्ये चालायचे असेल तर सकाळी सहाला सुटून साडेनऊला गावात परत यावे. पाणी हिवाळ्यात तीन तासांना माणशी दोन लिटर पुरते, उन्हाळ्यात तीनही कमी पडते.

उसाच्या कडेने दिवस मावळल्यावर जाऊ नये. घोणस, नाग, मण्यार तिन्ही या रानात आहेत. करमाळा-माढ्याकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचाही विचार करावा लागतो. जुन्या देवळाच्या कमानीला किंवा पुलाखाली आग्या मोहोळ असेल तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. शेतवस्तीवरची कुत्री भुंकतात ते त्यांचे काम आहे. पळू नये, काठी उगारू नये, लांबूनच ‘मालक, वाटेने चाललोय हो’ असा आवाज द्यावा. माणूस बाहेर आला की कुत्रे गप्प होते. हुरडा, बोर, पेरू न विचारता तोडणाऱ्या एका माणसामुळे पुढच्या शंभर जणांची वाट बंद होते.

आता खुणांकडे येतो, कारण उत्साहाने केलेले बहुतेक काम इथेच वाया जाते. काळ्या रानात पुरलेला दगड किंवा लोखंडी खांब दोन पावसाळ्यांत वाकडा होतो. माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि पुरलेल्या वस्तूला दरवर्षी थोडे थोडे ढकलते. उपाय साधा आहे. खड्डा दोन फूट रुंद आणि अडीच-तीन फूट खोल घ्यावा, मुरूम लागला तर तिथेच थांबावे. दगड मधोमध उभा करून भोवती निघालेली काळी माती परत न भरता मुरूम आणि फुटके दगड भरावेत, दर अर्ध्या फुटाला पाणी मारून पहारीच्या मागच्या टोकाने ठोकावेत. मुरमाचा वेढा फुगवट्याचा जोर खातो आणि पाणीही खाली सोडतो. जमिनीवर दगड निदान अडीच फूट दिसावा. शाळूच्या पट्ट्यात मात्र आठ फुटांचा खांब हवा, नाही तर डिसेंबरात खूण पिकात बुडते.

खूण प्रत्येक फाट्यावर एक आणि फाट्यानंतर पन्नास पावलांवर दुसरी अशी असावी. फाट्यावरचा बाण बऱ्याच जणांना कळत नाही, पन्नास पावलांवरची खूण दिसली की आपण बरोबर आहोत याची खात्री पटते. बाण दोन्ही बाजूंनी काढावा, कारण निम्मे लोक फेरी उलटी करतात. रंग झाडाला खिळा ठोकून लावलेल्या पाटीवर नको, आणि देवळाच्या दगडावर, वीरगळीवर, सतीशिळेवर तर एक ठिपकाही नको. कुडलसारख्या ठिकाणी शेतात पडलेला कोरीव दगडही हजार वर्षांचा असू शकतो. मोबाइलवर वाट नोंदवून ठेवावी, पण ती पाच-दहा मीटर इकडेतिकडे सरकते, आणि एवढ्या अंतरात इथे बांध बदलतो. म्हणून प्रत्येक वळणाला न हलणाऱ्या वस्तूचा आधार लिहावा: विजेची डीपी, देऊळ, पुलाचा कठडा. ‘मोठ्या बाभळीपासून डावीकडे’ असे लिहू नये, बाभूळ पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

काठावर सगळ्यात जास्त वाट अडवते ती वेडी बाभूळ. तिचा काटा चपलेच्या तळातून आरपार येतो. ग्रामस्वच्छतेत ती कोयत्याने जमिनीसरशी छाटतात, फोटो निघतात, आणि पावसाळ्यानंतर एका बुंध्याला दहा फोक फुटतात. फुटवे येतात ते बुंध्याच्या जमिनीखालच्या वीतभर भागातून. तो भाग कुदळीने उघडा करून त्याच्या खालून, म्हणजे जमिनीखाली निदान फूटभर खोल, मूळ तोडले तरच ती मरते. दहा झाडे अशी काढायला छाटणीच्या चौपट वेळ लागतो. तरी दहाच काढावीत, पण मुळापासून काढावीत. छाटलेले काटे वाटेच्या कडेला ढीग न करता दूर नेऊन टाकावेत.

पायवाटेला डांबर-सिमेंट नको, पाणी धरून राहणाऱ्या चिबड जागी मुरूम पुरे. चार फूट रुंदी, अर्धा फूट जाडी आणि शंभर मीटर लांबी धरली तर सुमारे साडेसहा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम लागतो. दाबल्यावर तो बसतो, म्हणून आठ ब्रास सांगावा. मधोमध दोन इंच उंचवटा ठेवला नाही तर पहिल्याच पावसात वाटेचीच चारी होते. चारी ओलांडायला शहाबादी फरशी टाकली तर माणूस-जनावर जाते, पण ट्रॅक्टर एकदा गेला की ती मधोमध तुटते. गाडीवाटेवर फूटभर व्यासाचा सिमेंटचा पाइप टाकून वर फूटभर मुरूम दाबावा.

कायद्याबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंना आहेत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ बांधावरून रस्ता देते, पण ते शेतकऱ्याला स्वतःच्या रानात जाण्यासाठी, फिरायला आलेल्याला नाही. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गावे ही मुदत घालवतात, कारण तोंडी समजूत काढण्यात दोन दिवाळ्या जातात. समजूत काढावी, पण अर्जही वेळेत द्यावा. आणि ज्याची आठवण फार थोड्यांना आहे ते त्याच संहितेचे कलम १६५: गावातल्या जाण्या-येण्याच्या वाटा, पाणी, मासेमारी यांच्या रूढी वाजिब-उल-अर्ज या नोंदवहीत लिहून ठेवण्याची तरतूद. माणसांच्या आठवणीतली वाट त्या माणसांबरोबर जाते. ग्रामसभेने ठराव करून, दोन्ही नकाशांवर आखलेल्या वाटांची यादी जोडून, या नोंदीसाठी महसूल खात्याकडे मागणी करावी. ज्या शेतकऱ्याच्या बांधावरून सार्वजनिक वाट नाही, पण जाऊ द्यायला तो राजी आहे, त्याच्या वाटेची नोंद मात्र वेगळी ठेवावी. ती त्याची परवानगी आहे, हक्क म्हणून ती लिहिली तर पुढच्या वर्षी तो तार ओढेल आणि त्याचे चुकणार नाही.

भीमेपलीकडे कर्नाटक आहे आणि दक्षिण सोलापुरात घरोघरी कन्नड बोलतात. फलकावर मराठीखाली कन्नडही असावे. फेरीची लांबी, लागणारा वेळ, पिण्याचे पाणी कुठे, बंधारा केव्हा बंद आणि अडचणीत कोणत्या वस्तीवर जायचे, एवढ्या पाच ओळी दोन्ही भाषांत मावतात.

शाळू निघाल्यावर, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये, रान मोकळे असते, मालक खळ्यावर भेटतो आणि जमिनीत अजून थोडी ओल असल्याने खड्डा सहज निघतो. दगड याच दिवसांत बसवावेत. एप्रिल उजाडला की पहार मातीवरून उसळी मारते आणि मे-जूनच्या नांगरटीत बांध कुठे होता हे सांगायला कोणी उरत नाही.

आपला,
भीमा-सीनाकाठचा एक वाचक,
सोलापूर